गडावरची विरळ हवा

३ नोव्हेंबर, सकाळ
मित्राचा, धनराजचा फोन. पन्नाशीपुढच्यांच्या पोहण्याच्या रिलेत चौथा गडी मी. मी नसलो तर टीम बाद. स्पर्धा तीस तारखेला. गेल्या वर्षी मध्येच लेनची दोरी धरली ती घाबरून नव्हे, दम कमी पडला. उपाय सापडलाय: अल्टिट्यूड ट्रेनिंग. उंचावर ऑक्सिजन कमी, म्हणून शरीर जादा तांबड्या पेशी बनवतं. मोठे स्विमर तीन-तीन आठवडे डोंगरात राहतात. मी सप्तशृंगी गडावर राहणार.

४ नोव्हेंबर
रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन १३.४. ज्योत्स्ना म्हणाली, अहो, पण गडावर पोहणार कशात? बायकोला फिजिऑलॉजी समजावणं अवघड.

५ नोव्हेंबर, गड
लंकाबाईंकडे खोली घेतली. उंची सुमारे बाराशे मीटर. छातीत धडधड. उत्तम! पेशी कामाला लागल्या.

९ नोव्हेंबर
बादलीत तोंड घालून श्वास रोखण्याचा सराव. टार्गेट एक मिनिट. झाले सहा सेकंद. हवा फारच विरळ. लंकाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होत्या, वर शेजारणीशी भांडतही होत्या. सवयीचा भाग.

१३ नोव्हेंबर
झोप नाही. तळहातांना घाम. डोळे मिटले की निळ्या फरश्या, खूप खोल. नेटवर झोप न लागणं उंचीचं लक्षण म्हणून दिलंय. फरश्यांचा उल्लेख नाही.

१६ नोव्हेंबर
लंकाबाई म्हणाल्या, साहेब, हवेनं आसं होत नाय. आमचा बैल नदी दिसली की आसाच थरथरायचा. मग काय केलंत, विचारलं. म्हणाल्या, काय करणार, लांबून पुलावरनं न्यायचो.
बैलांवर संशोधन झालेलं नसावं.

२६ नोव्हेंबर, नाशिक
हिमोग्लोबिन १३.४. डॉक्टर सविता म्हणाल्या, काका, एवढ्याशा उंचीनं फारसं काही होत नाही, दोन हजार मीटरच्या आसपास तरी जावं लागतं. ईसीजी छान आहे. पाण्याची भीती वाटते का?
लॅबचं मशीन जुनं असणार.

२९ नोव्हेंबर
धडधड खाली आल्यावरही कायम. म्हणजे ट्रेनिंग अंगात मुरलंय. धनराजनं विचारलं, लेका, एकदा तरी पाण्यात उतरलास का? म्हटलं, स्पर्धेआधी विश्रांती घ्यायची असते.

३० नोव्हेंबर, दुपार
पहिल्या दोघांनी जीव तोडून आघाडी मिळवली. तिसरा धनराज, त्यानं ती वाढवली. मी उडीच्या ठोकळ्यावर. खाली सोळा फूट पाणी. धनराजनं भिंतीला हात लावला, खालूनच ओरडला, मार की उडी!
पाय हलले नाहीत. बाजूच्या लेनमधले म्हातारे उड्या मारून गेले. त्यांचं पोहून झालंसुद्धा. शिट्टी झाली. मी मागच्या मागे उतरलो.
धनराज पाण्याबाहेर आला. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. मग हळूच म्हणाला, वर हवा विरळ होती का रे?
ठोकळा अडीच फूट उंच आहे.
हो म्हणालो.