घरासारखी खोली

ताई,

साहेबांनी माझ्या माथी काम मारलंय: छावणीत जवानांसाठी घरासारखी खोली कर. पडदे शिवले, गालिचा अंथरला, उशांना अभ्रे चढवले. तरी सगळे परक्यासारखे अंग चोरून बसतात आणि चहा पिऊन निमूट निघून जातात. नुसता वैताग!

परवा एकजण चिखलाच्या बुटांनी गालिच्यावर आला. माझ्या तोंडून तुझंच वाक्य सुटलं, "घर आहे की धर्मशाळा? बूट काढ आधी!"

तो हसला, बूट काढले आणि सोफ्यावर चक्क घोरायला लागला. आता बाकीचेही मुद्दाम बूट घालून येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत दारात थांबतात.

हे कळलं तर तू हवेत जाशील, म्हणून पत्र टाकणार नाही. पण ओरडून ओरडून घसा बसलाय गं. तुझा कसा कधी बसला नाही?

तुझा,
वेंधळा