आधी बायकांचा नंबर

४ फेब्रुवारी, सोमवार

झालं! बेकरीचं काम यूसोकडे.

तौनोने सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितलं, तेही पाठमोरा. कंपनी त्याची, मर्जी त्याची. पण काउकोच्या बेकरीची जनसंपर्काची बाजू सात वर्षं मी सांभाळतेय! गेल्या वर्षी राय धान्याच्या पावात खडा निघाला, लाप्पेनरान्तातल्या एका म्हाताऱ्याचा दात तुटला, तेव्हा तीन दिवस पत्रकारांचे फोन कोणी घेतले? काउकोला गाडीत घालून त्या म्हाताऱ्याच्या दारात माफी मागायला कोणी नेलं? यूसो तेव्हा आमच्याकडे लागलासुद्धा नव्हता.

"कामाला तू वाघ आहेस, मार्केत्ता," तौनो म्हणाला. "पण आता तीन वर्षांचा करार व्हायचाय. काउकोचं आणि यूसोचं जमतं. सॉनात मस्त गप्पा रंगतात त्यांच्या."

सॉनात! तिथे वाफेत पुरुष सगळे उघडे बसतात, मी कशी जाणार गप्पा रंगवायला?

५ फेब्रुवारी, मंगळवार

वर यूसोच्या नेमणुकीची बातमीही मीच लिहायची! आमच्या धंद्यात साहेब काही बोलत नसतात. आपण लिहायचं, त्यांनी मान डोलवायची. अकरा वर्षं तौनोची सगळी मतं मीच लिहितेय. आज लिहिलं — "यूसोसारखा नव्या दमाचा माणूस पुढे येतोय याचा मनापासून आनंद आहे, असे तौनो म्हणाले."

त्याने वाचलं. "अगदी माझ्या मनातलं!"

८ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढच्या शुक्रवारी बेकरीवाल्यांना तळ्याकाठच्या सॉनात बोलावलंय. टॉवेल, बिअर, सॉसेज, बटाट्याचं सॅलड — मी. कराराचं बोलणं — यूसो. काय वाटणी आहे!

गेल्या वर्षीचं आठवलं तरी डोकं फिरतं. आधी बायकांचा नंबर, मग पुरुषांचा. मी आणि बेकरीची रिसेप्शनिस्ट, आम्ही दोघी पाऊण तासात आटोपून बाहेर. ओल्या केसांनी बटाटे चिरत बसलो. भिंतीपलीकडे नुसता हशा. दोन तासांनी सगळे लालबुंद होऊन आले आणि तौनो म्हणाला, "ठरलं बरं का!" काय ठरलं? माझं वर्षभराचं काम! मी बोलले तर म्हणे, "अगं, त्यात काय, सॉना आहे, ऑफिस नाही."

१० फेब्रुवारी, रविवार

टॉवेल मोजले. चौदा. वैताग!

१३ फेब्रुवारी, बुधवार

काउकोचा फोन. छातीत दुखलं होतं म्हणे, डॉक्टरांनी सॉना बंद केलाय. "मग जगून करू काय?" अगदी रडवेला झाला होता. समजूत घातली. बेकरीचा कारभार आता त्याची मुलगी हेल्का बघणार. आजवर ती मागे भट्ट्यांवरच असायची. शुक्रवारी तीच येईल.

तौनोला सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बरं बरं. सॉसेज तेवढेच ना?"

१६ फेब्रुवारी, शनिवार

काल तीनला नेहमीप्रमाणे आधी बायका. हेल्का आणि मी, दोघीच. वरच्या बाकावर बसलो, अंगावर धागा नाही, घाम टपटप गळतोय. तिने तापलेल्या दगडांवर पाणी मारलं. वाफ उसळली. मग एकदम म्हणाली,

"त्या म्हाताऱ्याच्या दारात बाबांना कोणी नेलं होतं? तौनो सांगतो, त्याची कल्पना."

"मी नेलं होतं."

"वाटलंच मला. आणि करार मी त्या पोराशी बोलायचा?"

मग मी सगळंच बोलले. अकरा वर्षांचं साठलेलं! बटाट्यांसकट. ती ऐकत होती, मध्ये मध्ये पाणी मारत होती. आणि मग तिने मला जे विचारलं ते इथेही लिहीत नाही. आधी पक्कं होऊ दे.

तेवढ्यात तौनोने दार ठोठावलं. "मार्केत्ता! अगं, झालं का? दीड तास झाला! इथे गारठून चाललोय आम्ही!"

हेल्काने माझ्याकडे पाहिलं. मी आतून ओरडले, "अरे, त्यात काय, सॉना आहे, ऑफिस नाही!"

हेल्का हसता हसता बाकावरून पडायची राहिली.

बाहेर आलो तर यूसो पडवीत सॅलडचं भांडं धरून उभा. नाक निळं पडलेलं, सॉसेज करपलेले. बिचाऱ्याची कीव आली. थोडीशीच.

१७ फेब्रुवारी, रविवार

हेल्काचा फोन आला. पक्कं!

१८ फेब्रुवारी, सोमवार

सातलाच ऑफिसात आले. बातमी लिहून तौनोच्या टेबलावर ठेवली.

"बाहेरच्या कंपनीशी नवा करार न करता बेकरीने स्वतःचा जनसंपर्क विभाग सुरू केला असून मार्केत्ता त्याच्या प्रमुख असतील. आमच्याकडचं माणूस पुढे जातंय याचा मनापासून आनंद आहे, असे तौनो म्हणाले."

तौनो नऊला येतो. त्याला अजून यातलं काहीच माहीत नाही.