काकांचा पुतळा

ग्वायाकिल, ३० डिसेंबर

एफ्राईनकाका,

‘प्रिय’ लिहायचं जिवावर आलं, म्हणून नाही लिहिलं.

आजोबा नव्वदी ओलांडून गेले. गिटार वाजवायचे, कबुतरं पाळायचे, आणि दर डिसेंबरला सगळ्या गल्लीला अंगणात जमवून सरत्या वर्षाचा पुतळा बनवायचे, एकतीस तारखेला जाळायला. त्याला गल्लीतल्या कुणाचा चेहरा मात्र कधी देऊ दिला नाही. म्हणायचे, “शेजाऱ्याला जाळायचं नसतं गं, नूबिया.”

त्यांना पोचवायला तुम्ही आला नाहीत. आठवड्याने अंगणाला कुलूप ठोकायला मात्र हजर!

म्हणून यंदाचा पुतळा तुमच्या त्या कुलपासमोर, रस्त्यातच बनवला. भुसा मी भरला, शर्ट तुमचाच आहे. नाक बघून गल्ली खो खो हसली. आजोबांचा नियम मोडला म्हणाल, तर तुम्ही आता गल्लीतले राहिलात कुठे?

हे पत्र टपालात टाकणार नाही. पुतळ्याच्या खिशात घालतेय, उद्या तुमच्याबरोबरच जळेल.

रिवाजाप्रमाणे पुतळ्याची विधवा बनून रडायला अबेल न्हावी तयार आहे. काळा झगा घालून कालपासून सराव करतोय. सख्ख्या बापासाठी तुम्ही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तुमच्यासाठी तो परका माणूस धाय मोकलून रडणार आहे.

तुमची कुणीच नाही,
आजोबांची नूबिया