म्हैस नॉर्वेच्या समुद्रात

किन्हवली

तीर्थस्वरूप रुपालीआत्यास, भाची कुणालीचा नमस्कार. टोकावड्याला थंडी कशी आहे? तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालते. (कुरकुरत असला तरी पत्र शेवटपर्यंत वाच.)

शेजारच्या राघोकाकांच्या वालात रोज कुणीतरी चरून जात होतं. काका म्हणाले, तुमची चंद्री. बाबा म्हणाले, माझी म्हस असं नाय करायची. एवढ्यावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. मग मी माझा जुना मोबाइल चंद्रीच्या गळ्यात बांधला. ती कुठे फिरते ते त्यात नोंदलं जाईल आणि कॉलेजात शिकलेल्या पायथॉन या संगणकाच्या भाषेने तिची वाट नकाशावर रेघेसारखी चालत चालत उमटेल, असा बेत. बाबांनी काकांना मुद्दाम ओटीवर बोलावलं, मी लॅपटॉप मांडला आणि बटण दाबलं.

आत्या, नकाशा सगळा निळा! अक्षांशाच्या जागी मी रेखांश घातले होते, त्यामुळे चंद्री पार नॉर्वेच्याही वर, गारठलेल्या समुद्रात चरत होती. त्या निळ्यात तिची लाल रेघ अलगद सरकायची, थांबायची (रवंथ करत असेल), पुन्हा वळायची. आई म्हणाली, "किती निवांत हाय गो ती." काकांनी हळूच विचारलं, "तिकडं गवत असतं का?" बाबांनी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. मलाही वाटलं, राहू दे तिला तिथेच.

पण निघताना काका म्हणाले, "माझंच चुकलं, मुक्या जनावराला उगाच बोललो." तेव्हा मला राहवेना. आकडे सुलटे केले. रेघ गोठ्यातून निघाली, तळ्याला वळसा घालून थेट काकांच्या वालात शिरली आणि तिथेच घुटमळत राहिली. बाबांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "राघो, या साली आमचा अर्धा वाल तुझा."

"ते बघू नंतर," काका पुन्हा खुर्चीत बसले. "ती समुद्रातली लाव गो परत."

दिवे लागेपर्यंत आमी सगळे तेच बघत बसलो होतो.

तुझी,
कुणाली

ता.क. वाल निघेपर्यंत चंद्रीला तुझ्या गोठ्यात ठेवशील का? बाबांना स्वतः तुला विचारायची लाज वाटते. घाई नाय, सावकाश विचार करून कळव.

ता.क. दुसरा : पत्र आणणाऱ्या संदेशला चहा दे. पण आधी फाटक उघड, चंद्री त्याच्या टेम्पोत उभी आहे.