पुढच्या सालची उचल

प्रिय आक्का,

तपासणीत काहीच न्हाई निघालं तर मग मुंबईला बोलावलंस काहून, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. दुष्काळानं ऊस कमी, कारखाना लवकर बंद होणार, त्यात मुकादमानं तुझ्या चार दिवसांचा खाडा धरून पैसे कापले. समदं कबूल. पण मी काय तुला जत्रेला बोलावलं होतं का? फोनवर तू बोलूच देत न्हाईस, म्हणून कागदावर भांडतोय.

मी इथं मुंबईच्या दवाखान्यात पेशंटची गाडी ढकलतो. इथल्या डॉक्टरीणबाई प्रत्येकाला विचारतात, घरात आधी कुणाला होतं का? एक दिवस मीच सांगितलं, छबुआत्या पन्नाशीत गेली, मग आमचे वडील आप्पा, दोघांनाही स्वादुपिंडाचा कॅन्सर. बाईंचा पेन थांबला. म्हणाल्या, हा आजार गुपचूप वाढतो, कळेपर्यंत उशीर होतो. एका घरात दोघं गेले तर बाकीच्यांनी दुखायच्या आधीच तपासून घ्यावं. मला विचारलं, तिशी झाली का? तपासणी चाळिशीपासून, म्हणून माझा नंबर लांब हाय. तू बेचाळीसची.

तुला मशीनच्या बोगद्यात घातलं तवा ‘बंकट्या मला जित्ती पुरतोय’ म्हणून ओरडलीस, समदा मजला हसला. रिपोर्ट आला तवा मी बाईंना तीनदा विचारलं. तीनदा त्या म्हणाल्या, स्वच्छ हाय. मग जिन्यात बसून लई रडलो. हे फोनवर सांगितलं न्हाई.

आणखी एक सांगितलं न्हाई. आप्पा पिवळे पडले तवा काविळीची माळ घालणाऱ्या बुवाला तलवाड्याहून मीच आणलं. डोक्यावरची माळ वाढत गळ्यात आली, मग पोटापर्यंत उतरली, तशी कावीळ उतरली म्हणून मी वस्तीत पेढे वाटले. तू दवाखाना म्हणत होतीस, तुला गप्प केलं. दोन महिने माळच बघत बसलो, अन् कावीळ होती त्या कॅन्सरचीच. तवाच नेलं असतं तर वाचले असते का, बाईंनाही सांगता येईना. पण तुझ्या बाबतीत मला पुन्हा माळ बघत बसायचं न्हाई. ही तपासणी दरसाल करायची हाय. मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतली की तू तापातसुद्धा उसाच्या फडात जातेस. म्हणून आता माझीही उचल धर, पुढच्या सालच्या चार दिवसांची. दाजींच्या खात्यावर टाकलीय. घेतलीस म्हणजे यावंच लागंल.

तुझाच भांडखोर भाऊ,
बंकट

उचल : रुपये चार हजार.