पुष्कर विमानाकडे बघत नव्हता

बनशंकरी, बेंगळूर
१४ डिसेंबर १९९८

प्रिय उपेंद्र,

विशाखापट्टणमला तुझ्या साइटवर फोन लागला की मागे कोणीतरी ओरडत असतं, आणि तूही मला पुरतं बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला.

पुष्कर खातो, झोपतो. माझ्या शाळेतल्या कविता आता तुझ्या लेकालाही पाठ आहेत. काल अख्खी कविता सुरात म्हणाला, माझे डोळे भरले. मी विचारलं, बाळा, पाणी हवं? तर तोही म्हणाला, बाळा, पाणी हवं? अगदी माझ्याच सुरात. मग माझं मनगट धरून माठापाशी नेलं आणि माझा हात पेल्यावर ठेवला, जसा एखादा चिमटा ठेवावा. माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही.

घरात मराठी, कामाला येणाऱ्या गंगव्वाशी कन्नड, नर्सरीत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळलंय, असं आपण सगळेच म्हणत होतो. शेजारच्या सुशीलाबाईंचं तर रोजचं पालुपद, "एकच भाषा ठेवा हो, सगळं सरी होईल, नीट होईल!" तुझ्या सांगण्यावरून वीणा सूनबाईनं गंगव्वाला कन्नड बोलायची बंदी केली. ती बिचारी दिवाळीपासून मुक्यानं भांडी घासते. मधेच त्याला लाडानं जवळ बोलावताना "बा पुट्टा" निघून जातं आणि जीभ चावते. फरक शून्य. हाक कुठल्याही भाषेत मारा, तो वळत नाही. कान तपासले, ठणठणीत आहेत. दोन घरांपलीकडे कुकरची शिट्टी झाली तरी कान झाकून घेतो.

गेल्या आठवड्यात येलहंक्याला विमानांच्या कसरती बघायला गेलो होतो. विमान डोक्यावरून गेलं की सगळी चिल्लीपिल्ली बोट वर करून किंचाळत आणि लगेच वळून आईबापांकडे बघत, पाहिलंत ना, अशा नजरेनं. आपला पुष्कर कान झाकून कुंपणाच्या दोरीवरची फडफडती चिंधी बघत होता. वीणा हळूच म्हणाली, "अण्णा, बोट दाखवायला कुठली भाषा लागते हो?"

तूही उशिरा बोललास, हे खरं. पण उपेंद्रा, मी कविता गुणगुणत बसलो की तू मांडीवर चढायचास, माझी हनुवटी धरून तोंड भिंतीकडे वळवायचास आणि पाल दाखवायचास. मला दिसली की नाही, ते माझ्या डोळ्यांत बघून घ्यायचास. तुझी आई म्हणायची, याला शब्द कशाला हवेत, बाप आहे ना!

डॉक्टरकडे नेलं तर पोराच्या कपाळी शिक्का बसेल, मी येईपर्यंत थांब, असं तू वीणाला बजावलंस. ती थांबली. मी थांबलो नाही. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना एकटाच भेटून आलो. पोराला पाहिल्याशिवाय नाव देणार नाही म्हणाल्या, पण ऑटिझम हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला. हा कुणाच्या वाढवण्याचा दोष नव्हे, आणि जितक्या लवकर हाती घेऊ तितकं जास्त शिकवता येतं, असंही म्हणाल्या. येत्या सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. वीणाला आजच सांगितलं. ती रडली नाही, त्याची पिशवी भरायला लागली. तेव्हा रागवायचंच तर माझ्यावर रागव. तू ये अथवा न ये, आम्ही त्याला नेणार. पण बाई बापालाही पुष्कळ विचारणार आहेत, आणि बापाच्या वाटची उत्तरं मी देणार नाही.

तुझाच,
अण्णा