रांजणावरची दोन पिल्लं

निलंगा

प्रिय गौसिया,

नांदेडच्या कॉलेजातली पोरं तुला 'माकडवाल्या मॅडम' म्हणतात, हे ऐकून सासूबाई अजून हसून राहिल्यात. आता इथली खबर ऐक. तळं आटलं आणि लाल तोंडाची माकडं थेट आमच्या गल्लीत उतरली. त्यात एकाच वयाची दोन पिल्लं आहेत. एक दिसेल त्यात हात घालतं. परवा आमच्या रांजणात डोक्यावर पडलं. मी शेपटी धरून काढलं, तर माझाच पदर ओढून पळालं. दुसरं पत्र्यावर बसून आधी कुत्रं बघतं, मग सासूबाईंची काठी बघतं, मग पुन्हा कुत्रं. सासूबाई म्हणाल्या, "हे धीट म्हंजे तू, अन् ते भित्रं म्हंजे गौसिया."

टुरिंग टॉकीजची कनात आठवते? मी खालून सरपटत आत शिरले. तू बाहेर माझ्या चपला धरून कुजबुजत होतीस, "आत कोण बसलंय ते बघितलंस का गं?" मी बघितलं, पण हेडमास्तरांच्या पायाशी पोचल्यावर.

मागे तू लिहिलं होतंस की माकडांत सुकाळात धिटाला आधी खायला मिळतं, त्याची पिल्लावळ वाढते. बिबट्या फिरकला की तोच आधी सापडतो, आणि भित्र्याची पिल्लावळ वाढते. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं, म्हणून दोन्ही स्वभाव टिकले. मला वाटलं, भित्र्यांची बाजू घ्यायला तू हे रचलंस. आता पटलं. कसं ते सांगते.

आमच्या गल्लीत टँकर येतच नाही. बोलायला खमकी म्हणून सगळ्यांनी मला लातूरला धाडलं. जिल्हा नवा, कचेऱ्या भाड्याच्या घरांत, एकाच जिन्यावर तीन-तीन. पहिलं दार दिसलं त्यात मी घुसले. "समदे मरायला टेकलेत, अन् तुम्ही पंख्याखाली! उद्याच्या उद्या पाठवा!" साहेब घाबरून उभेच राहिले. "किती आहेत?" म्हटलं, "गल्लीभर!" त्यांनी लगेच सही केली. मी मिरवत परतले.

दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला. बायका घागरी घेऊन धावल्या. जीपमधून हातभर सुई घेतलेला माणूस उतरला. "आजारी जनावरं कुठं हायत?" साहेब गुरांच्या दवाखान्याचे निघाले. जिलानीचाचांच्या एकुलत्या म्हशीला सुई टोचून जीप गेली. घागरी रिकाम्याच राहिल्या. चाचा भेटले की विचारतात, "शिवम्मा, आता कोंबड्यांसाठी कधी जातीस?"

हसू नकोस. आमच्या रांजणाचा तळ दिसून राहिलाय, आणि गल्लीत दुसरं कुणी जायला तयार नाही. काल ते धीट पिल्लू रांजणात वाकलं होतं. भित्रं पत्र्यावरून बघत होतं. कुत्रं उठलं तसं भित्रं किंचाळलं, धिटानं पत्र्यावर उडी मारली, आणि दोघंही वाचली.

म्हणून लिहितेय. रविवारच्या एस.टी.नं ये. सोमवारी लातूरला जाऊ. तू पाट्या वाच, आत कोण बसलंय ते बघ आणि मला दार दाखव. पुढचं मी बोलते. या खेपेला माझ्या चपला धरू नकोस. आपण दोघी आत जाऊ.

रांजणात पडलेली,
तुझीच
शिवम्मा